वस्तीलाही वजनकाटा हवा

मधुमेहाचा किंवा रक्तदाबाचा रुग्ण दवाखान्यातून बाहेर पडतो तेव्हा औषधांच्या चिठ्ठीबरोबर त्याला चार वाक्यांचा सल्लाही मिळालेला असतो. रोज अर्धा तास चाला. भाज्या-फळे वाढवा. मीठ आणि तळण कमी करा. तंबाखू सोडा. तीन महिन्यांनी तो परत येतो. वजन, रक्तदाब आणि साखरेचा अहवाल असे तीन साक्षीदार तेव्हा त्याच्याविरुद्ध उभे असतात. आकडे सुधारलेले नसले की डॉक्टर विचारतात, "चालायला जाता की नाही?" रुग्ण खाली बघत म्हणतो, "वेळच मिळत नाही हो." मग सगळा दोष त्याच्या इच्छाशक्तीच्या खात्यावर जमा होतो आणि विषय संपतो.

या संभाषणात एक प्रश्न सहसा येत नाही. चालायचे कुठे? घरापासून दहा मिनिटांत सलग चालता येईल असा पदपथ आहे का? कामावरून साडेआठला उतरल्यावर वाटेत भाजीवाली असते, की फक्त वडापावची गाडी? सकाळी बाग उघडी असते का, तिथे दिवा, बाक आणि स्वच्छतागृह आहे का? मुलाच्या शाळेपासून गुटख्याची पुडी किती पावलांवर मिळते? रुग्णाचे वजन आपण ग्रॅमपर्यंत मोजतो. तो ज्या वस्तीत राहतो, ती वस्ती मात्र कधी काट्यावर चढत नाही.

गेल्या तीन-चार दशकांत सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांनी नेमके हेच काम हाती घेतले आहे. एखादी वस्ती, शाळा किंवा कचेरी तिथल्या माणसांना निरोगी राहायला किती मदत करते आणि किती अडवते, याला गुण देण्याच्या पद्धती त्यांनी तयार केल्या आहेत. त्या पद्धती कशा चालतात, त्यांतून काय हाती लागते आणि त्या कुठे फसतात, हे समजून घेण्यासाठी बोरिवलीच्या पश्चिम टोकाला असलेली गोराई चांगले उदाहरण ठरेल.

शंभरातले चौऱ्याण्णव

आधी मुंबईचे आकडे पाहू. मुंबई महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या 'स्टेप्स' पद्धतीने २०२१ मध्ये १८ ते ६९ वयोगटातील मुंबईकरांची पाहणी केली. सुमारे ३४ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आढळला. सुमारे १८ टक्क्यांची उपाशीपोटीची साखर मधुमेहाच्या मर्यादेवर होती. मिठाचे सरासरी सेवन दिवसाला ८.६ ग्रॅम होते, जे ५ ग्रॅमच्या आत असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि रोज पुरेशी फळे-भाज्या न खाणाऱ्यांचे प्रमाण होते ९४ टक्के.

या शेवटच्या आकड्यापाशी थोडे थांबायला हवे. वर्गातले सहा विद्यार्थी नापास झाले तर त्यांनी अभ्यास केला नाही असे म्हणता येते. शंभरातले चौऱ्याण्णव नापास झाले तर प्रश्नपत्रिका, शिकवणे आणि शाळा तपासावी लागते. इतक्या मोठ्या शहरातले इतके लोक एकाच वेळी आळशी किंवा चटोर झाले, हे काही पटण्यासारखे स्पष्टीकरण नाही.

देशाचे चित्रही असेच आहे. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार २०२२ मध्ये भारतातल्या जवळपास निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल अपुरी होती. २०००मध्ये हे प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होते. स्त्रियांमध्ये ते ५७ टक्के आणि पुरुषांमध्ये ४२ टक्के आहे. बावीस वर्षांत भारतीयांची इच्छाशक्ती निम्म्यावर आली असे कोणी म्हणणार नाही. या काळात बदलले ते काम, वाहने, रस्ते आणि शहरे. स्त्री-पुरुषांतल्या फरकाचे कारणही स्वभावात शोधण्यात अर्थ नाही. मोकळा वेळ कोणाकडे आहे आणि संध्याकाळनंतर रस्ता कोणाचा असतो, यात ते शोधावे लागेल.

हा विचार नवा नाही. कॅनडातल्या ओटावा शहरात नोव्हेंबर १९८६ मध्ये आरोग्य संवर्धनाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथल्या जाहीरनाम्यात पाच कामे सांगितली होती. आरोग्याला पोषक धोरणे करा, पोषक परिसर घडवा, लोकांच्या सामूहिक कृतीला बळ द्या, व्यक्तीची कौशल्ये वाढवा आणि आरोग्यसेवेचा रोख बदला. यांतले व्यक्तीवरचे काम एकच आहे. आपल्याकडे 'आरोग्य शिक्षण' म्हणून जे चालते, ते बहुतेक या एकाच कामाभोवती फिरते. माणसासाठी योग्य निवड ही सोपी निवडही व्हावी, हे ओटावाचे मुख्य सूत्र होते.

आखून वसवलेली वस्ती

गोराई म्हटले की बाहेरच्या माणसाला खाडी, होडी, समुद्रकिनारा आणि २००९ मध्ये खुला झालेला विपश्यना पॅगोडा आठवतो. बोरिवलीत राहणाऱ्याला मात्र आधी दुसरी गोराई आठवते. ती खाडीच्या अलीकडची, बेस्टचे आगार असलेली, सेक्टर आणि प्लॉटच्या क्रमांकांनी ओळखली जाणारी वसाहत. म्हणजे गोराई दोन आहेत आणि दोघींच्या मधे खाडी आहे.

अलीकडची गोराई आपोआप वाढलेली नाही. १९८५ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून 'मुंबई नागरी विकास प्रकल्प' सुरू झाला. त्यात चारकोप, गोराई, मालवणी अशा ठिकाणी म्हाडाने कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी छोटे भूखंड आखले. रस्ते, पाणी, मलनिस्सारण आणि विजेची सोय आधी करून द्यायची आणि घर कुटुंबाने ऐपतीप्रमाणे बांधायचे, अशी ती योजना होती. घरांचे गट पाडून मधे छोटी सामायिक अंगणे ठेवली, गटागटाच्या सहकारी संस्था केल्या, दुकानांसाठी आणि शाळांसाठी जागा राखल्या. बैठ्या घरांवर पुढे मजले चढले, पण आराखड्याचा सांगाडा अजून दिसतो.

त्या वेळी नियोजनकारांच्या डोळ्यांपुढे मधुमेह नव्हता, निवारा होता. तरीही आज आरोग्याचे अभ्यासक चालण्याजोग्या वस्तीसाठी जे शोधतात, त्यातले बरेच या आखणीत आहे. घरे दाटीने पण कमी उंचीची, गल्ल्या एकमेकींना जोडलेल्या, वाणी आणि शाळा पायी जाण्याच्या अंतरावर, मुलांना खेळायला घरासमोर अंगण. वस्ती आखताना केलेली कामे चाळीस वर्षे तिथल्या माणसांच्या पायांवर परिणाम करत राहतात. दवाखान्यातला सल्ला दवाखान्याच्या पायरीपर्यंतच टिकतो, हे लक्षात घेतले म्हणजे या फरकाचे महत्त्व कळते.

हा परिणाम किती असतो? 'लॅन्सेट'मध्ये २०१६ साली आलेल्या एका अभ्यासात दहा देशांमधल्या चौदा शहरांतील ६,८२२ प्रौढांच्या कमरेला हालचाल मोजणारे छोटे यंत्र बांधले होते. चालण्याला सर्वांत पोषक वस्तीतले लोक सर्वांत प्रतिकूल वस्तीतल्या लोकांपेक्षा आठवड्याला ६८ ते ८९ मिनिटे जास्त हालचाल करत होते. आठवड्याला १५० मिनिटांची शिफारस आहे. म्हणजे जवळपास अर्धा कोटा परिसराच्या फरकातच दिसत होता. घरांची दाटी, रस्त्यांचे जोड, सार्वजनिक वाहतुकीचे थांबे आणि चालत जाता येतील अशा बागा, हे चार घटक महत्त्वाचे ठरले.

अर्थात अशा अभ्यासाला मर्यादा आहेत. ज्यांना चालायला आवडते ते मुळातच तशी वस्ती निवडत असतील, ही शंका राहते. शिवाय या चौदा शहरांत भारतातले एकही नव्हते. मुंबईत दाटीची उणीव नाही आणि चालणेही पुष्कळ होते. २००८ मध्ये झालेल्या मुंबई महानगराच्या वाहतूक अभ्यासात निम्म्याहून अधिक फेऱ्या पायी होत असल्याचे दिसले होते. पण हे चालणे बव्हंशी गरजेपोटीचे असते. रिक्षाचे पैसे वाचवायला गाड्यांमधून वाट काढत चालणारी बाई आणि बूट घालून फेरफटका मारणारे आजोबा, दोघांची पावले सारखी मोजली तरी दोघांचा अनुभव सारखा नसतो. म्हणून परदेशी मोजपट्टी इथे जशीच्या तशी चालत नाही.

गुण कशाला आणि कसे देतात

मोजपट्ट्यांचे ढोबळ तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार रहिवाशांना विचारण्याचा. अमेरिकेत २००३ च्या सुमारास तयार झालेली 'न्यूज' नावाची प्रश्नावली यात प्रसिद्ध आहे. घरापासून किराणा दुकान, भाजीबाजार, बसथांबा, शाळा, बाग किती मिनिटांवर आहे? पाच मिनिटांत, दहा, वीस, तीस की त्याहून जास्त? रस्ता ओलांडणे सोपे आहे का? रात्री उजेड असतो का? एकट्याने चालताना भीती वाटते का? दीप्ती अडलखा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नावलीला भारतीय परिस्थितीनुसार बदलून चेन्नईत तिची चाचणी घेतली. रहिवाशाला काय वाटते हे यातून कळते, आणि चालायला बाहेर पडायचे की नाही हे त्या वाटण्यावरच ठरते.

दुसरा प्रकार प्रत्यक्ष जाऊन पाहण्याचा. खाद्यपदार्थांसाठी 'नेम्स' नावाची पद्धत आहे. तिच्यात दुकानात जाऊन आरोग्याला बरा असलेला पर्याय मिळतो का, त्याची किंमत दुसऱ्या पर्यायाच्या तुलनेत किती आणि त्याचा दर्जा कसा, या तीन गोष्टी नोंदवतात. आपल्याकडे हे सहज करता येईल. चहाच्या टपरीवर बिनसाखरेचा चहा न कुरकुरता मिळतो का? उपाहारगृहात पोळी-भाजी आहे का आणि ती वड्यापेक्षा किती महाग आहे? फळवाल्याकडची केळी संध्याकाळी खाण्याजोगी उरलेली असतात का? केळी बाजारात आहेत एवढ्यावर गुण द्यायचे नाहीत. भुकेल्या माणसाला परवडणाऱ्या किमतीत, भूक लागते त्या वेळी ती हाताशी आहेत का, हे बघायचे.

तिसरा प्रकार सर्वांत उपयोगी आहे, कारण तो जबाबदारी निश्चित करतो. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या 'चेंज' या साधनात समाजाचे पाच भाग केले आहेत. एकूण वस्ती, तिथल्या संस्था, आरोग्यसेवा, शाळा आणि कामाची ठिकाणे. प्रत्येक भागातल्या प्रत्येक बाबीला एक ते पाच गुण दोनदा द्यायचे. एकदा धोरणासाठी आणि एकदा प्रत्यक्ष परिस्थितीसाठी. धोरणाच्या रकान्यात 'हा प्रश्न आहे हेच कोणाच्या लक्षात आलेले नाही' याला एक गुण आणि 'नियम आहे, अंमल होतो आणि तो तपासलाही जातो' याला पाच. परिस्थितीच्या रकान्यात 'काहीच नाही' याला एक आणि 'सगळे जागेवर आहे' याला पाच.

हे दोन रकाने भारतीय वाचकाला लगेच समजतील. आपल्याकडे नियमांचे दुर्भिक्ष नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार निवासी भागातल्या पदपथावर किमान १.८ मीटर अडथळामुक्त रुंदी हवी आणि पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. कागदावर ही झाली चार गुणांची बाब. आता टेप घेऊन आपल्या गल्लीत उतरा. वीजपेटी, झाडाचा आळा, उभी केलेली दुचाकी आणि दुकानाची पुढे आलेली पायरी वजा करून किती उरते ते मोजा. दोन रकान्यांतल्या गुणांचा फरक हाच त्या वस्तीचा खरा आजार असतो. धोरणच नसेल तर नगरसेवकाकडे किंवा मंत्रालयाकडे जावे लागेल. धोरण असून अंमल नसेल तर विभाग कार्यालयाचे दार ठोठवावे लागेल. औषध कुठले द्यायचे हे या फरकावरून ठरते.

शाळेसमोरची पिवळी रेषा

असे मोजमाप आपल्याकडे जमेल का, असे कोणी विचारले तर महाराष्ट्राकडे त्याचे उत्तर आहे. ते तंबाखूच्या बाबतीतले आहे.

२००३ च्या कायद्याने शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला बंदी आहे. २०१२ मध्ये महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली. तरीही शाळेच्या कोपऱ्यावरची टपरी हटत नव्हती, कारण नियम मोडला जातो आहे हे कोणी आणि कसे मोजायचे हेच ठरलेले नव्हते. पुढे तंबाखूमुक्त शाळेचे निकष आले. महाराष्ट्रात शिक्षण विभागाबरोबर सलाम मुंबई फाउंडेशनने हे काम गावोगावच्या शाळांत नेले. केंद्र सरकारच्या २०१९ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत असे नऊ निकष आहेत. आवारात आणि प्रवेशद्वारावर फलक, आवारात थोटके किंवा पुड्या न सापडणे, दुष्परिणामांची माहिती, सहा महिन्यांतून किमान एक उपक्रम, नेमलेले तंबाखू निरीक्षक, शाळेच्या आचारसंहितेत तंबाखूबंदी, शंभर यार्डांच्या परिघावर पिवळी रेषा आणि त्या रेषेच्या आत विक्री करणारे एकही दुकान नसणे.

या निकषांत बहुतेक सगळे डोळ्यांनी दिसते किंवा मोजता येते. 'तंबाखू वाईट' हे वाक्य भिंतीवर लिहून काम भागत नाही. रस्त्यावर रंगाने ओढलेली रेषा असली म्हणजे टपरी तिच्या आत आहे की बाहेर, यावर वाद उरत नाही. सातवीतला मुलगाही ते सांगू शकतो. शाळेला गुण मिळतात, पण शाळा एकटी ते मिळवू शकत नाही. दुकानदार, पोलीस, पालक सगळ्यांना त्यात यावे लागते.

'गॅट्स' या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २००९-१० मध्ये ३१.४ टक्के होते, ते २०१६-१७ मध्ये २६.६ टक्क्यांवर आले. यामागे कर, चित्र-इशारे, गुटखाबंदी, जनजागृती अशी अनेक कारणे आहेत. पण त्यांतले प्रत्येक कारण परिसर बदलणारे आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. नुसत्या उपदेशाने एवढी घट झाल्याचे उदाहरण शोधावे लागेल.

खाण्याच्या बाबतीतही अशी रेषा आता कायद्यात आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार जास्त चरबी, मीठ आणि साखर असलेले पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात किंवा फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत. प्रौढ माणसाचे पाऊल साधारण ७० सेंटिमीटरचे धरले तर ५० मीटर म्हणजे सत्तर-बहात्तर पावले आणि १०० यार्ड म्हणजे सुमारे एकशे तीस पावले. आपल्या मुलाच्या शाळेच्या फाटकापासून एवढी पावले मोजत जायला कोणाची परवानगी लागत नाही.

गुणपत्रिका कुठे फसते

गुण दिले की फसवणुकीची सोयही होते. चार फसव्या जागा विशेष सांगितल्या पाहिजेत.

पहिली, 'आहे' आणि 'वापरता येते' यांतला फरक. नकाशावर बाग दिसते, म्हणून गुण. पण ती दुपारी बंद असेल, फाटकावर मुलांनी चेंडू खेळू नये अशी पाटी असेल आणि स्वच्छतागृहाला कुलूप असेल, तर मधुमेहामुळे वारंवार लघवीला जावे लागणाऱ्या आजींच्या दृष्टीने ती बाग नाहीच. मुंबईच्या विकास आराखड्याच्या तयारीत माणशी वापरता येण्याजोगी मोकळी जागा जेमतेम सव्वा चौरस मीटर असल्याचे आढळले होते. केंद्राच्या नियोजनविषयक मार्गदर्शक सूचना १० ते १२ चौरस मीटर म्हणतात. इतक्या टंचाईत असलेली प्रत्येक बाग किती तास आणि कोणासाठी उघडी आहे, हे तिच्या क्षेत्रफळाइतकेच महत्त्वाचे आहे.

दुसरी, सरासरी. गोराईची एकच गुणपत्रिका काढली तर ती खोटी ठरेल. खाडीपलीकडच्या गोराई गावात कोळी आणि ईस्ट इंडियन कुटुंबांच्या जुन्या वस्त्या आहेत. मोकळी हवा, ताजी मासळी, चालायला किनारा, यांत गावाला वसाहतीपेक्षा जास्त गुण पडतील. पण गावातून बोरिवलीला यायचे तर खाडी ओलांडावी लागते, आणि रस्त्याने यायचे तर उत्तन-भाईंदरचा वळसा पडतो. रक्तदाबाच्या गोळ्या दरमहा आणायच्या, तपासणीला मोठ्या रुग्णालयात जायचे, तर गावातल्या म्हाताऱ्या माणसासाठी 'सोपी निवड' होडीच्या फेऱ्यांवर आणि पावसाळ्यातल्या खाडीवर अवलंबून असते. दोन्हीकडचे गुण मिळवून भागले तर मिळणारा आकडा अलीकडच्यांनाही लागू पडत नाही आणि पलीकडच्यांनाही नाही.

तिसरी, उत्तरे कोण देतो. रविवारी सकाळी बागेत पाहणी केली तर बागेत येऊ शकणारेच भेटतात. घरकाम करणारी बाई, बारा तास रिक्षा चालवणारा माणूस, सून कामावर गेल्यावर नातवंड सांभाळणारी आजी, चाकाच्या खुर्चीवरचा तरुण, यांना विचारल्याशिवाय वस्तीचे गुण भरू नयेत. त्यातही संध्याकाळी सातनंतरचे उत्तर वेगळे घ्यावे. दिवसा चार गुणांची असलेली वाट दिव्यांअभावी रात्री बाईमाणसासाठी एका गुणाची होऊ शकते.

चौथी जागा सर्वांत नाजूक आहे. एका बाबीचे गुण वाढवताना दुसरीचे कमी होऊ शकतात. मुंबईच्या पदपथावर बसणारी भाजीवाली चालण्याचे गुण कमी करते. पण कामावरून परतणाऱ्या माणसाला घराच्या वाटेवर ताजी पालेभाजी तिच्याचकडे मिळते, म्हणजे खाण्याचे गुण तीच वाढवते. मासळीवाल्या मावशींचेही तसेच. पदपथ मोकळा करण्याच्या मोहिमेत त्यांना उठवले, तर वहीत पदपथाला पाच गुण पडतील आणि ताटातली भाजी कमी होईल. फेरीवाल्यांसाठीचा २०१४ चा कायदा म्हणूनच महत्त्वाचा आहे. नगर पथविक्रेता समितीमार्फत जागा ठरवून द्यायच्या, म्हणजे चालणारा आणि विकणारा दोघांनाही रस्ता मिळेल, अशी त्याची रचना आहे. मोजणाऱ्याने हे दोन्ही रकाने एकाच पानावर ठेवले नाहीत, तर आरोग्याच्या नावाखाली गरिबाचा धंदा उठतो आणि आरोग्यही सुधारत नाही.

एका संध्याकाळची मोजणी

मोठ्या अभ्यासाला पैसा आणि माणसे लागतात. पण गृहनिर्माण संस्था, महिला मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ किंवा महाविद्यालयाचे विद्यार्थी एका संध्याकाळी सुरुवात करू शकतात.

घरापासून पंधरा मिनिटांत चालत पोहोचता येईल एवढाच भाग घ्या. तिघे-चौघे मिळून निघा. त्यांत एक ज्येष्ठ, एक शाळकरी मूल आणि शक्यतो बाळाची गाडी किंवा काठी असलेले कोणी असावे. एकदा सकाळी आणि एकदा सायंकाळी सातनंतर तीच वाट चाला.

वहीत पाच मथळे पुरेत. चालणे: पदपथाची मोकळी रुंदी, रस्ता ओलांडायच्या जागा, दिवे, बसायची सोय. खाणे: पहिल्या दहा खाद्यविक्रेत्यांपैकी कितींकडे फळ, भाजी, मासे, उसळ किंवा पोळी मिळते, आणि कोणत्या किमतीत. तंबाखू आणि शाळा: फाटकापासून सत्तर आणि एकशे तीस पावलांच्या आत काय विकले जाते, पिवळी रेषा आहे का. विसावा आणि खेळ: बागेच्या वेळा, स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, मुलींनी खेळण्याजोगी जागा. आरोग्यसेवा: रक्तदाब आणि साखर मोफत किंवा स्वस्तात कुठे तपासून मिळते, आणि ते ठिकाण कामावर जाणाऱ्यासाठी सोयीच्या वेळी उघडे असते का.

प्रत्येक बाबीला एक ते पाच गुण द्या. शेजारी दुसऱ्या रकान्यात लिहा, याबद्दल नियम आहे का आणि तो कोणाच्या हातात आहे. संस्थेच्या, शाळेच्या, दुकानदाराच्या, की महापालिकेच्या आर-मध्य विभाग कार्यालयाच्या? असा शेवटचा रकाना नसलेली गुणपत्रिका नुसती तक्रारवही होते.

मग सर्वांत कमी गुणांच्या आणि तरीही आपल्या आवाक्यातल्या दोनच गोष्टी निवडा. बागेची वेळ वाढवून घेणे, संस्थेच्या आवारात दोन बाक टाकणे, शाळेसमोर रेषा आखून घेणे, कचेरीच्या उपाहारगृहात मिठाचे भांडे टेबलावरून उचलणे. सहा महिन्यांनी तीच वाट, तीच वही, शक्यतो तीच माणसे. शेजारच्या सेक्टरशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही. आपल्याच मागच्या गुणांशी तुलना करायची, जशी आपण रक्ताच्या अहवालांची करतो.

कचऱ्याच्या डोंगराची आठवण

एवढ्याने खरेच काही बदलते का, असे वाटणाऱ्यांनी गोराईच्याच एका आठवणीकडे बघावे. या वसाहतीच्या शेजारी १९७२ पासून शहराचा कचरा पडत होता. सुमारे वीस हेक्टरांवर त्याचे डोंगर झाले होते. धूर आणि दुर्गंधी यांच्या सोबत लोक वर्षानुवर्षे राहिले. त्या काळात एखाद्या दमेकऱ्याला डॉक्टरांनी 'स्वच्छ हवेत फिरा' असा सल्ला दिला असता, तर तो पाळायला त्याने जायचे कुठे? खिडकी लावून घेणे एवढीच निवड त्याच्या हातात होती.

रहिवाशांच्या तक्रारी आणि न्यायालयाचे आदेश यांनंतर २००७ च्या अखेरीस तिथे कचरा टाकणे थांबले. पुढे महापालिकेने तो डोंगर शास्त्रोक्त पद्धतीने झाकला, आतला मिथेन वायू नळ्यांनी गोळा करून जाळायची व्यवस्था केली आणि वर हिरवळ उगवली. हजारो कुटुंबांच्या छातीत जाणारी हवा बदलली, आणि त्यासाठी त्यांतल्या एकालाही आपली इच्छाशक्ती वाढवावी लागली नाही.

पदपथ, बाग, टपरी आणि भाजीची पाटी या कचऱ्याच्या डोंगराइतक्या ठळक दिसत नाहीत. त्यांची दुर्गंधी येत नाही, म्हणून त्यांच्याविरुद्ध मोर्चाही निघत नाही. त्या दिसाव्यात यासाठीच मोजाव्या लागतात. व्यक्तीची जबाबदारी यामुळे संपत नाही. चालायचे आपल्यालाच आहे, मिठाकडे जाणारा हातही आपल्यालाच आवरायचा आहे. पण पुढच्या वेळी दवाखान्यात "चालायला जाता की नाही?" असे विचारले गेले, तर खाली बघण्याऐवजी रुग्णाच्या हातात त्याच्या गल्लीची गुणपत्रिका असावी. आणि डॉक्टरांनी तीही साखरेच्या अहवालाइतक्याच गंभीरपणे वाचावी.